फ्रान्सच्या शाळेत समता कुठवर पोहोचली?

आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडील गुणवत्तावाद्यांना परदेश आठवतो. त्यात फ्रान्सचेही नाव घेतले जाते. फ्रान्समध्ये आरक्षण नाही, तेथे मोठ्या संस्थांतील प्रवेश परीक्षेवर मिळतो, तेथील सरकार नागरिकांची वंशवार मोजणीसुद्धा करत नाही. मग भारतातच जात का मोजायची आणि जागा का राखायच्या, असा हा युक्तिवाद असतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांची जन्मभूमी म्हणून फ्रान्सचा दाखला दिला की समोरचा गप्प बसेल, अशी यांची समजूत दिसते. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तेव्हा फ्रान्सच्या नावाने दबून जाण्याचे आम्हाला कारण नाही आणि त्या देशाने जे चांगले केले ते नाकारण्याचेही कारण नाही. फ्रान्सची शाळा आहे तरी कशी, तेथे मुले काय शिकतात आणि कोणाची मुले कुठवर पोहोचतात, हे नीट पाहिले म्हणजे दाखला देणाऱ्यांचे अर्धसत्य आपोआप उघडे पडते.

राज्यक्रांतीनंतर लगेच फ्रान्समध्ये सर्वांना शाळा मिळाली, हा समज चुकीचा आहे. एप्रिल १७९२ मध्ये कॉन्दोर्से या विचारवंताने कायदेमंडळापुढे सार्वजनिक शिक्षणाचा आराखडा मांडला. शिक्षण मोफत असावे, मुलामुलींना सारखे असावे आणि धर्मसत्तेच्या ताब्यात नसावे, असे त्यात म्हटले होते. नेमके त्याच दिवसांत ऑस्ट्रियाशी युद्ध जाहीर झाले आणि आराखडा बाजूला पडला. नेपोलियनने १८०२ मध्ये ‘लिसे’ म्हणजे वरिष्ठ विद्यालये आणि १८०८ मध्ये ‘बाकालोरेआ’ ही परीक्षा सुरू केली, ती राज्यकारभाराला अधिकारी हवे होते म्हणून. गरिबांची मुले त्यात नव्हतीच. १८३३ मध्ये गिझोच्या कायद्याने प्रत्येक गावाने मुलांची प्राथमिक शाळा चालवावी असे ठरले. १८५० च्या फालू कायद्याने चर्चला शिक्षणात पुन्हा मोठी जागा करून दिली. मुलींचे तर विचारूच नका. ज्युली-व्हिक्त्वार दोबिए ही बाकालोरेआ उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री, तिचे वर्ष १८६१. सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ते वर्ष १८४८. मुलींना मुलांसारखाच बाकालोरेआचा अभ्यासक्रम फ्रान्समध्ये १९२४ साली मिळाला. युरोप सगळ्याच बाबतींत पुढे होता असे मानणाऱ्यांनी ही वर्षे शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

खरा बदल ज्यूल फेरी या मंत्र्याच्या काळात झाला. १८८१ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झाले. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस ते सक्तीचे झाले आणि सरकारी शाळेच्या अभ्यासक्रमातून धर्मशिक्षण काढून तेथे नीती व नागरिकशास्त्र आले. १८८६ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षक धर्मसंस्थेचे नसावेत, असेही ठरले. पाद्र्याच्या हातून शाळा काढून ती प्रजासत्ताकाच्या हाती देण्याचे हे काम होते.

आमच्या वाचकांना १८८२ हे वर्ष वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकरी-कष्टकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, शिक्षक कष्टकरी जातींतून घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये मंत्र्याने मागितले आणि कायदा झाला. येथे माळी समाजातील एका सत्यशोधकाने मागितले आणि इंग्रज सरकारने ते कागदात ठेवले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो अपवाद. देशाच्या पातळीवर शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो अमलात यायला २०१० साल उजाडावे लागले. या सव्वाशे वर्षांत आपल्या किती पिढ्या पाटीशिवाय गेल्या, याचा हिशेब कोण देणार?

आज फ्रान्समध्ये शाळा तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे. २०१९ च्या कायद्याने हे वय सहावरून तीनवर आणले. तीन ते सहा बालशाळा, मग पाच वर्षांची प्राथमिक शाळा, त्यानंतर चार वर्षांचे ‘कोलेज’ आणि शेवटी तीन वर्षांचे ‘लिसे’ अशी ही वाट आहे. वर्गांचे आकडे तेथे उलटे मोजतात. कोलेजात मूल सहावीत शिरते आणि तिसरीतून बाहेर पडते. सक्ती सोळा वर्षांपर्यंत आहे, आणि सोळा ते अठरा या वयात शिक्षण, प्रशिक्षण किंवा काम यांपैकी कशात तरी मूल असलेच पाहिजे, असा २०२० पासून नियम आहे. प्राथमिक शाळेची इमारत गावाची, कोलेजची जिल्ह्याची, लिसेची प्रांताची. पण शिक्षकाचा पगार राष्ट्राचा आणि त्याची भरती स्पर्धापरीक्षेने. अभ्यासक्रम साऱ्या देशाला एकच. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शाळा उघडण्याआधी ऑगस्ट महिन्यात वह्या-दप्तरासाठी सरकारी भत्ता मिळतो. दुपारच्या जेवणाचे पैसे अनेक गावांत कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे घेतले जातात. आपल्याकडे शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर वर्षे काढणाऱ्या तरुणांनी आणि देणगीच्या पावतीशिवाय प्रवेश न मिळालेल्या पालकांनी ही व्यवस्था लक्षात घ्यावी.

मुले शिकतात काय? प्राथमिक शाळेत आठवड्याचे २४ तास. पहिल्या तीन वर्षांत त्यांतले १० तास फ्रेंच भाषेला आणि ५ तास गणिताला. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ वाचणे, लिहिणे आणि हिशेब यांतच जातो. परकी भाषा पहिल्या वर्गापासून थोडी थोडी असते आणि कोलेजात दुसरी परकी भाषा येते. पण सगळे शिक्षण राष्ट्राच्या भाषेतून चालते. इतिहास आणि भूगोल एकच शिक्षक शिकवतो. राज्यक्रांती, साम्राज्य, दोन महायुद्धे, नाझी छळछावण्या आणि त्यांत फ्रान्सच्या विशी सरकारने केलेले सहकार्य, हे सारे पाठ्यक्रमात आहे. स्वतःच्या देशाच्या सरकारने ज्यूंना पकडून दिले, हे मुलांना शाळेत सांगितले जाते. आपल्या पाठ्यपुस्तकात अस्पृश्यतेवर धडा असतो, पण ती कोणी लादली हे वाक्य मात्र गाळलेले असते.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तत्त्वज्ञानाचा विषय. लिसेच्या शेवटच्या वर्षी सामान्य शाखेतील प्रत्येक विद्यार्थ्याला, तो विज्ञानाचा असो की भाषेचा, आठवड्याला चार तास तत्त्वज्ञान शिकावे लागते. तंत्र शाखेत दोन तास. बाकालोरेआत चार तासांचा एक पेपर असतो. त्यात पाठांतराचे प्रश्न नसतात. एखादा प्रश्न दिला जातो आणि विद्यार्थ्याने बाजू, प्रतिबाजू मांडून स्वतः विचार करीत निबंध लिहायचा असतो, किंवा दिलेल्या उताऱ्याचे विवेचन करायचे असते. २०१९ च्या अभ्यासक्रमात १७ संकल्पना आहेत. त्यांत न्याय, राज्य, स्वातंत्र्य, कर्तव्य, धर्म, श्रम आणि सत्य हेही आहेत. अठरा वर्षांच्या मुलाने धर्म म्हणजे काय, राज्याची आज्ञा कुठवर पाळावी, न्याय आणि कायदा एकच का, यावर लेखणी चालवायची. त्याच अभ्यासक्रमातील तत्त्वज्ञांच्या यादीत प्लेटो, ॲरिस्टॉटल यांच्याबरोबर आचार्य नागार्जुनांचे नाव आहे. रामटेकच्या टेकडीशी परंपरेने ज्यांचे नाव जोडले जाते तेच हे महायान बौद्ध आचार्य. पॅरिसचा शिक्षक वर्गात नागार्जुन शिकवू शकतो. रामटेक तालुक्यातल्या शाळेत किती मुलांना ते नाव ठाऊक आहे? प्रश्न विचारायला शिकवणे ही तथागतांची रीत. कालामांना त्यांनी हेच सांगितले होते. ती रीत परक्या देशाच्या परीक्षेत सापडते आणि आपल्या शाळेत प्रश्न विचारणारे मूल उद्धट ठरते.

धर्मनिरपेक्षतेबाबतही सरळ बोलले पाहिजे. फ्रान्सच्या सरकारी शाळेत प्रार्थना नाही, देवाचा फोटो नाही, पूजा नाही. जर्मन सीमेवरील अल्सास-मोझेल हा अपवाद, कारण १९०५ मध्ये राज्य आणि चर्च वेगळे झाले तेव्हा तो प्रदेश जर्मनीकडे होता. २०१३ पासून शाळाशाळांत धर्मनिरपेक्षतेची सनद लावलेली आहे. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतील मुलांनी ठळक धार्मिक चिन्हे घालण्यास बंदी केली. त्यात मुस्लिम मुलींचे हेडस्कार्फ आले आणि शीख मुलांची पगडीही आली. शिक्षकाने, म्हणजे राज्याच्या प्रतिनिधीने, तटस्थ असावे हे आम्हाला मान्य आहे. पण तटस्थतेचे ओझे दुबळ्या समाजाच्या लेकरांच्या डोक्यावर ठेवायचे आणि त्याच वेळी सरकारी तिजोरीतून प्रामुख्याने कॅथलिक असलेल्या खासगी शाळांच्या शिक्षकांचे पगार द्यायचे, ही विसंगती तेथेही आहे. आपल्याकडे तर उलटाच प्रकार. फ्रान्सचा हवाला देऊन मुलींना शाळेच्या दारातून परत पाठवा म्हणणारेच स्वतःच्या वर्गातील सरस्वतीपूजनाला संस्कृती म्हणतात. संविधानाचे कलम २८ सांगते की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. ते कलम ज्यांना कधी आठवले नाही, त्यांनी फ्रान्सकडून धर्मनिरपेक्षता शिकल्याचा आव आणू नये. या शाळेसाठी तेथील शिक्षकांनी प्राणही दिले आहेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पाठ घेतला म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये सामुएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाची धर्मांधाने हत्या केली. धर्मांधता कोणत्याही रंगाची असो, तिचा पहिला शत्रू शिक्षकच असतो.

आता फलकाच्या मागची भिंत पाहू. ज्या ज्यूल फेरीने शाळा सर्वांना खुली केली, त्याच फेरीने २८ जुलै १८८५ रोजी फ्रान्सच्या प्रतिनिधीगृहात उभे राहून श्रेष्ठ वंशांचा कनिष्ठ वंशांवर हक्क आहे, कारण त्यांना सुधारण्याचे कर्तव्य श्रेष्ठांकडे आहे, असा सिद्धान्त मांडला. क्लेमांसो यांनी त्याच सभागृहात तो खोडून काढला, तरी साम्राज्य वाढतच गेले. श्रेष्ठ-कनिष्ठाची ही भाषा आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला शास्त्राचा आधार दिला गेला, तेथे वंशाचा. परिणाम काय झाला ते अल्जीरियात दिसले. नोबेल पारितोषिक मिळालेले आल्बेर काम्यू तिथेच वाढले. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई निरक्षर, धुणीभांडी करणारी. लुई जेर्मां नावाच्या प्राथमिक शिक्षकाने त्यांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले, म्हणून ते लिसेत पोहोचले. १९५७ मध्ये पारितोषिक मिळाल्यावर काम्यू यांनी आपल्या या गुरुजींना कृतज्ञतेचे पत्र लिहिले. एक शिक्षक काय करू शकतो याचा हा पुरावा. पण काम्यू गरीब असले तरी युरोपीय वसाहतवाल्यांतले होते. त्याच अल्जीरियातली बहुसंख्य मुस्लिम मुले फ्रेंच सत्ता संपत आली तरी शाळेबाहेरच होती. प्रजासत्ताकाच्या शाळेचे दार सर्वांना उघडे आहे असे लिहिलेले होते, पण ‘सर्व’ कोण हे आधीच ठरलेले होते.

इतिहासाच्या पुस्तकावरही तेथे लढाई झाली. मे २००१ च्या कायद्याने गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला आणि शालेय अभ्यासक्रमात त्याला योग्य स्थान द्यावे असे ठरले. गियाना या पूर्वीच्या वसाहतीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय खासदार क्रिस्तियान तोबिरा यांनी तो कायदा आणला. चारच वर्षांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, दुसरा कायदा आला. वसाहतींतील, विशेषतः उत्तर आफ्रिकेतील, फ्रेंचांच्या उपस्थितीची ‘सकारात्मक भूमिका’ शाळेत शिकवावी असे त्यात होते. इतिहासकार आणि शिक्षक उठले. मार्तिनिकचे थोर कवी एमे सेझेर यांनी मंत्री निकोला सार्कोझी यांची भेट नाकारली. अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. पाठ्यपुस्तकात कोणाचा इतिहास येतो हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि दबलेल्यांनी आवाज काढल्याशिवाय तो सुटत नाही. भीमा कोरेगाव कोणाच्या पुस्तकात किती ओळींत आहे, हे ज्यांनी शोधले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि गुणवत्ता? पिएर बुर्दिय हा फ्रान्सचा मोठा समाजशास्त्रज्ञ. वडील खेड्यातील टपाल कर्मचारी. त्याने झाँ-क्लोद पासरों यांच्याबरोबर १९६४ आणि १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकांत दाखवून दिले की शाळा ज्याला ‘बुद्धी’ म्हणते ती बऱ्याच अंशी घरातून आलेली असते. पुस्तकांनी भरलेले घर, प्रमाण भाषेची सवय, बोलण्याची ढब, ही वारसाहक्काने मिळालेली संपत्ती आहे. शाळा तिलाच गुण देते आणि वारसदारांना गुणवंत म्हणून प्रमाणपत्र देते. हे वाचताना आम्हाला फ्रान्स दिसत नाही, पेठेतील शाळा दिसते. ‘शुद्ध बोला’ म्हणून वस्तीतल्या पोराला बाकावर उभे करणारे मास्तर दिसतात.

बुर्दियने लिहिले ते आजही संपलेले नाही. १९५० च्या सुमारास त्या वयाच्या शंभरातील जेमतेम पाच मुले बाकालोरेआ उत्तीर्ण होत. आता ऐंशीच्या आसपास होतात. ही मोठी प्रगती आहे. पण १९८५ पासून बाकालोरेआही तीन प्रकारचे झाले आहे : सामान्य, तांत्रिक आणि व्यावसायिक. व्यावसायिक शाखेत कामगारांची, बेरोजगारांची, स्थलांतरितांची मुले मोठ्या प्रमाणात लोटली जातात. त्या शाखेच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा पेपर नाही. म्हणजे राज्य, न्याय आणि श्रम यांवर विचार करण्याचे प्रशिक्षण वकील-डॉक्टरांच्या मुलांना, आणि ज्यांना श्रम करायचे आहेत त्यांना मात्र हत्यारे. वरच्या टोकाला इकोल पॉलिटेक्निक, इकोल नॉर्माल अशा नामांकित संस्था आहेत. तेथे दोन वर्षांच्या खास तयारीनंतर स्पर्धापरीक्षेने प्रवेश मिळतो, आणि प्रवेश मिळालेल्यांना सरकार शिकत असताना वेतनही देते. तेथे पोहोचणारे बहुतांश वरच्या थरातले असतात. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटरसाहेबांना हेच तर सांगितले होते : कर गरिबाचा आणि शिक्षण वरच्याचे! देशोदेशींच्या पंधरा वर्षांच्या मुलांची जी पिसा चाचणी होते, तिच्यात श्रीमंत राष्ट्रांपैकी ज्या देशांत घरची परिस्थिती मुलाच्या गुणांवर सर्वाधिक परिणाम करते, त्यांत फ्रान्स वारंवार आढळला आहे.

फ्रान्सच्या सरकारलाही हे कळले, म्हणूनच १९८१ मध्ये मागास वस्त्यांतील शाळांना जास्त शिक्षक आणि जास्त पैसा देणारी ‘प्राधान्य क्षेत्रे’ सुरू झाली. २०१७ पासून अशा शाळांतील पहिल्या वर्गात सुमारे बाराच मुले ठेवण्यास सुरुवात झाली. सियांस पो या पॅरिसच्या नामांकित संस्थेने २००१ मध्ये या वस्त्यांतील लिसेंसाठी नेहमीच्या प्रवेशपरीक्षेऐवजी वेगळा मार्ग काढला. तेव्हा तेथेही ‘गुणवत्ता बुडाली’ अशी ओरड झाली होती. संस्था बुडाली नाही. म्हणजे फ्रान्समध्ये विशेष संधी नाहीच, हे म्हणणे खोटे आहे. ती आहे, पण ती वस्तीच्या नावाने दिली जाते. वंश आणि मूळ यांचे नाव घ्यायचे नाही असा तेथील दंडक आहे. २००७ मध्ये तेथील संविधान परिषदेने वांशिक मूळ विचारणारी मोजणी रोखली. परिणाम असा की भेदभाव होतो हे उपनगरांतल्या आफ्रिकी-अरब तरुणाला रोज कळते, पण त्याचा सरकारी आकडा दाखवता येत नाही. २००५ मध्ये ती उपनगरे तीन आठवडे पेटली होती. न मोजल्याने विषमता जात नाही, फक्त तिचा पुरावा जातो. शाळांतील पालकांच्या सामाजिक स्थितीचा निर्देशांकसुद्धा मंत्रालयाने २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतरच जाहीर केला, आणि खासगी शाळांत सुस्थितीतील मुले किती एकवटली आहेत हे लोकांसमोर आले.

तेव्हा फ्रान्सकडून नेमके काय घ्यायचे हे आपण ठरवले पाहिजे. प्रत्येक मुलासाठी सरकारने चालवलेली शाळा, राष्ट्राने पगार दिलेला शिक्षक, पूजापाठापासून मुक्त वर्ग आणि प्रश्न विचारायला शिकवणारा अभ्यास हे घ्यावे. जन्माची विषमता न मोजता डोळे मिटून समता येईल हा भ्रम घेऊ नये. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले. ती नोंद प्रामाणिकपणे होते की नाही आणि तिचे आकडे शिक्षणाच्या तपशिलासह लोकांसमोर येतात की नाही, यावर चळवळीने पहारा ठेवला पाहिजे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये काय घडले तेही विसरू नये. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांतून सूट देणारी अधिसूचना राज्य सरकारने काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. एका बाजूला गरिबाला खासगी शाळेचे दार बंद करायचे आणि दुसऱ्या बाजूला पटसंख्येचे कारण सांगून वाडी-तांड्यावरची सरकारी शाळा मोडीत काढायची, हा डाव ओळखा.

आपल्या वस्तीतील जिल्हा परिषदेची, महापालिकेची शाळा ही आपली आहे. तिच्या व्यवस्थापन समितीत आपली माणसे, विशेषतः माता, बसल्या पाहिजेत. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर अर्ज, मोर्चा, माहितीचा अधिकार, जे लागेल ते वापरले पाहिजे. विहारात रविवारी मुलांना बसवून आठवड्यातून एक तास तरी ‘का?’ हा प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश, आणि तो एकट्या मुलाला दिलेला नाही, समाजाला दिलेला आहे. शाळा टिकली तरच तो पाळता येईल. ती टिकवण्याची जबाबदारी फ्रान्सचा कोणी मंत्री येऊन घेणार नाही. ती आपल्यालाच घ्यायची आहे.